रिकामा खांब : जुन्या लष्करी जीपचे जतन आणि तिच्या शस्त्राचा प्रश्न



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या हाताखाली याच शाळेच्या कर्मशाळेत मी प्रथम कानस धरावयास शिकलो. वक्ता म्हणून आज या व्यासपीठावर उभे राहण्याचा मान संस्थेने मला दिला, त्याबद्दल मी ऋणी आहे. मी विद्वान नव्हे. आयुष्य तेलाने माखलेल्या हातांनी गेले. तेव्हा ज्या एका विषयात माझे हात खरोखर बुडालेले आहेत, तोच विषय आपणापुढे मांडावा असे ठरविले. तो विषय म्हणजे जुन्या लष्करी वाहनांचा जीर्णोद्धार, त्यांची मालकी आणि त्यांच्यावरील शस्त्रांचे काय करावे हा प्रश्न.

विषय शाळेला शोभेल काय, अशी शंका कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. गुरुजींची एक आठवण सांगतो, म्हणजे तिचे निरसन होईल. मी एकदा लोखंडी पट्टीला भोक पाडताना चूक केली आणि ती लांबी भरून, रंग देऊन झाकली. गुरुजींनी काही न बोलता नखाने लांबी खरवडली आणि म्हणाले, "आधी एकच चूक होती; आता दोन झाल्या." जुन्या वाहनाच्या जीर्णोद्धाराचे सारे शास्त्र आणि सारी नीती या एका वाक्यात सामावलेली आहे, हे मला पुढे चाळीस वर्षांनी उमगले.

जीपचा जन्म

लष्करी वाहनांचे प्रकार असंख्य आहेत. मी उदाहरणादाखल एकच वाहन घेतो : दुसऱ्या महायुद्धातील जीप. ती आपल्या परिचयाची आहे आणि खासगी माणसाच्या आवाक्यात येणारे लष्करी वाहन बहुधा हेच असते.

१९४० च्या उन्हाळ्यात युरोपातील लढाई पाहून अमेरिकी सैन्याला एका हलक्या, चारही चाकांना शक्ती पोहोचणाऱ्या टेहळणी गाडीची निकड भासली. १३५ कारखान्यांना विचारणा झाली. पहिला नमुना ४९ दिवसांत सादर करावा, ही अट ऐकून बहुतेकांनी माघार घेतली. बँटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडे करवून घेतले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी नमुना हजर केला. पाठोपाठ विलिस आणि फोर्ड यांनी आपापले नमुने आणले. विलिसच्या गाडीत बार्नी रूस यांनी सुधारलेले १३४ घनइंचांचे, म्हणजे सुमारे २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे इंजिन होते. ते इतरांहून स्पष्टपणे बलवान ठरले. अखेर विलिसचा आराखडा प्रमाण मानला गेला. मागणी एका कारखान्याला पेलेना, म्हणून फोर्डलाही तीच गाडी बनवावयास दिली. विलिसची ती 'एमबी' आणि फोर्डची ती 'जीपीडब्ल्यू'. दोहोंची मिळून संख्या सहा लाखांवर गेली.

या गाडीचे वैशिष्ट्य तिच्या साधेपणात होते. दरवाजे नाहीत, छताला कापड, वाऱ्याची काच पुढे आडवी पडणारी, पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली. आघाडीवरच्या शिपायाला चार पान्यांनी दुरुस्त करता यावी अशी तिची रचना होती. तिने अधिकारी नेले, जखमी नेले, दारूगोळा नेला. इटलीच्या डोंगरांत, जेथे ट्रकला वाट नव्हती, तेथे भारतीय पलटणींची रसद खेचरांच्या आणि जीपच्या भरवशावर वर चढत असे. त्या डोंगरांत लढणाऱ्यांमध्ये मराठा पलटणी होत्या आणि १९२२ पासून त्या रेजिमेंटचे केंद्र आपल्या बेळगावात आहे. म्हणून हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही.

आपल्याकडील वाट

युद्ध संपल्यावर भारतात, विशेषतः पूर्वेकडील तळांवर, परदेशी सैन्याची अपार सामग्री शिल्लक राहिली. त्यातील पुष्कळ वाहने लिलावाने नागरिकांच्या हाती आली. 'डिस्पोजलची जीप' हा शब्दप्रयोग आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात त्या काळातून आला. चहामळ्याचे व्यवस्थापक, जंगलाचे ठेकेदार, शिकारी, संस्थानिक आणि बागायतदार यांनी त्या घेतल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या माझगावात महिंद्र कंपनीने विलिसच्या नागरी जीप जुळविण्यास प्रारंभ केला आणि पुढे त्या येथेच बनू लागल्या. आणखी पुढे सैन्यासाठी जबलपूरच्या कारखान्यांतून शक्तिमान ट्रक आणि निस्सानच्या परवान्याने बनणारी जोंगा अशी वाहने बाहेर पडली. सैन्याने मोडीत काढलेली ही वाहनेदेखील लिलावात आली आणि आज त्यांचेही शौकीन आहेत.

या इतिहासाचा एक व्यावहारिक परिणाम झाला. आपल्या मुलखात जीप कधी शोभेची वस्तू नव्हती, ती राबणारी होती. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसविले गेले. मागचा पत्रा कापून फळ्या ठोकल्या गेल्या. एका गाडीचा धुरा दुसरीला, तिसरीची चासी चौथीला, असे चालत आले. मला मिळालेली जीप खानापूर तालुक्यातील एका शेतात फणसाच्या झाडाखाली उभी होती. तिच्यातून भाताची पोती वाहिली गेली होती आणि शेवटी कोंबड्या तिच्यात अंडी घालीत. मालकाने सांगितले, "ही लढाईतली जीप." मी तो शब्द प्रमाण मानून पैसे मोजले.

ओळख पटविणे

जीर्णोद्धाराची पहिली पायरी पाना उचलण्याची नसते. आपल्यापुढे नेमके काय उभे आहे, हे आधी ठरवावे लागते. तेथे भावना उपयोगी पडत नाही, खुणा पाहाव्या लागतात.

युद्धकालीन जीपच्या पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात. १९४५ नंतरच्या नागरी जीपला सात असतात आणि तिचे दिवे आकाराने मोठे असतात. युद्धकालीन जीपला मागे उघडणारी फळी नसते व जादा चाक पाठीमागे टांगलेले असते. पहिल्या नागरी जीपला मागे फळी असते आणि चाक बाजूला. आपल्याकडे सर्वत्र दिसणारी उंच नाकाची जीप ही १९५० च्या दशकातील 'सीजे-३बी' या आराखड्याची, तिचा महायुद्धाशी संबंध नाही. विलिस आणि फोर्ड यांतला भेद चासीवर कळतो. अगदी पुढचा आडवा दांडा नळीसारखा गोल असेल तर चासी विलिसची, उलट्या पन्हळीसारखा असेल तर फोर्डची. फोर्डने तर आपल्या अनेक सुट्या भागांवर, बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, इंग्रजी 'एफ' अक्षर उठविले होते. चासीचा क्रमांक विलिसमध्ये डाव्या बाजूस आतून रिव्हेट केलेल्या लहान पट्टीवर असतो, तर फोर्डमध्ये डाव्या दांड्याच्या माथ्यावर ठोकलेला असतो.

या कसोट्या मी माझ्या जीपला लावल्या, तेव्हा निकाल असा लागला : चासी फोर्डची आणि युद्धकालीन; पुढची जाळी युद्धकालीन; मागचा पत्रा देशी, नंतर कधीतरी बनविलेला; इंजिन आपल्याकडच्या एका नागरी जीपचे; मागचा धुरा कशाचा ते कळण्यापलीकडे गेलेला. म्हणजे ती लढाईतली जीप होती आणि नव्हतीही.

येथे पहिला मोह उभा राहतो. जुन्या जीपच्या कप्प्याच्या झाकणावर माहितीच्या धातूच्या पट्ट्या असत. हुबेहूब तशा नव्या पट्ट्या बाजारात विकत मिळतात. हव्या त्या तारखेची, हव्या त्या क्रमांकाची पट्टी कोरून घेतली की संमिश्र गाडी घटकेत अस्सल होते. माझ्याकडे आलेल्या एका खरेदीदाराने हेच सुचविले आणि तसे केल्यास दुप्पट किंमत देऊ केली. खोटे कशाला बोलू, त्या रात्री मला झोप आली नाही, कारण पैशाची गरज होती. सकाळी मी एक वही आणली आणि तिच्यात गाडीच्या प्रत्येक भागापुढे तीनपैकी एक शब्द लिहावयास घेतला : 'मूळचा', 'त्या काळचा पण दुसऱ्या गाडीचा', 'नवा'. तिसऱ्या शब्दाची संख्या सर्वांत मोठी भरली. ती वही आज मी सोबत आणली आहे.

संमिश्रता हा दोष नव्हे, ती लपविणे हा दोष आहे. इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टन येथील रणगाडा संग्रहालयात 'टायगर १३१' हा जर्मन रणगाडा आहे. तो १९४३ च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती पडला. दीर्घ परिश्रमानंतर तो पुन्हा चालता झाला, परंतु त्याचे मूळ इंजिन अभ्यासासाठी कापलेले असल्यामुळे त्यात नंतरच्या जातीचे इंजिन बसवावे लागले. संग्रहालयाने ही गोष्ट लपविली नाही, म्हणून त्या रणगाड्याची प्रतिष्ठा तसूभरही उणावली नाही.

जीर्णोद्धाराची रीत

प्रत्यक्ष कामाचा क्रम आता थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

प्रथम गाडी आहे त्या स्थितीत सर्व बाजूंनी छायाचित्रित करावी. मग ती खोलताना प्रत्येक नटबोल्ट निराळ्या पिशवीत घालून पिशवीवर चिठ्ठी लावावी. 'लक्षात राहील' या विश्वासावर खोललेली गाडी पुन्हा जुळत नाही. ती पुढे पोत्यांतून भंगारवाल्याकडे जाते. अशा अर्धवट खोललेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

दुसरे काम गंजाचे. जीपच्या फरशीच्या पत्र्याखाली टोपीच्या आकाराच्या पन्हळी असतात आणि त्यांत मुळात लाकडाच्या पट्ट्या भरलेल्या होत्या. लाकडाने पाणी धरले, पाण्याने पत्रा खाल्ला. चालकाच्या आसनाखालील टाकीचा खळगा आणि मागची अवजारांची पेटी येथेही हीच कथा. वरून रंग चकचकीत असला तरी येथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. तो आरपार गेला तर तेवढा पत्रा कापून नवा जोडावा. त्यावर लांबी थापू नये. चासी मात्र घाईने कापू नये. आधी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते समान भरले तर चासी सरळ आहे.

तिसरे इंजिन. हे 'साइड व्हॉल्व्ह' पद्धतीचे, म्हणजे झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेले इंजिन आहे. त्याची दाबगुणता साडेसहाच्या आसपास, म्हणून ते हलक्या प्रतीच्या इंधनावर चाले. मागच्या मुख्य बेअरिंगची दोरीची सील थोडे तेल गाळणारच. तो वयाचा गुण समजावा, मात्र तेलाची पातळी रोज पाहावी. आजचा खरा प्रश्न इंधनाचा आहे. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे लवकर खराब होतात. इथेनॉल ओलावाही ओढून घेते. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या व पडदे बसवावेत आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवू नये. येथे मूळपणापेक्षा सुरक्षितता श्रेष्ठ मानावी, कारण टाकी आपल्या आसनाखाली आहे.

चौथे, ब्रेक आणि चाके. जीपचे ब्रेक द्रवदाबाचे असले तरी सारा मार्ग एकच आहे. एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. हाताचा ब्रेक चाकांवर बसत नाही, तो मागे शक्ती नेणाऱ्या दांड्यावर बसतो आणि धावती गाडी थांबविण्यास फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून नळ्या आणि रबरे यांत काटकसर करू नये. युद्धकालीन जीपची काही चाके दोन भाग बोल्टांनी जोडून केलेली असतात. हवा भरलेली असताना ते बोल्ट सैल करणे म्हणजे तोफेच्या तोंडाशी उभे राहणे होय. आधी हवा पूर्ण काढावी आणि मगच पान्याला हात घालावा. याचे भान न ठेवल्याने माणसे जायबंदी होतात.

पाचवे, वीज. मूळ व्यवस्था ६ व्होल्टची आहे. दिवे मंद वाटतात म्हणून अनेकजण ती १२ व्होल्टची करतात. माझ्या मते, जाड तारा, स्वच्छ जोड आणि चासीशी पक्का संपर्क असेल तर ६ व्होल्ट पुरतात. बहुतेक वेळा दोष बॅटरीचा नसतो, गंजलेल्या जोडाचा असतो.

रंग, पाटी आणि कायदा

गाडी चालू झाली की ती रस्त्यावर आणण्याची इच्छा होते आणि तेथे कायदा भेटतो. त्याला अडथळा समजू नये.

आपल्या देशात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही मोटारीला लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. ज्या रंगात ही जीप जन्मली, त्याच रंगात ती खासगी मालकाला रस्त्यावर आणता येत नाही, हा जतनकर्त्यापुढचा मोठा पेच आहे. नियमामागचे कारण मात्र उघड आहे. लष्करी वेषातले वाहन अडविताना पहाऱ्यावरचा शिपाई कचरतो, आणि ही कचर दुष्टाच्या कामी येऊ शकते. याच कारणाने वरच्या दिशेच्या बाणाची लष्करी क्रमांकपाटीही आपण लावता कामा नये. मी तोडगा असा काढला : बाहेरून गाडीला फिकट राखी रंग दिला, तिच्या शेतावरच्या आयुष्यात तिचा होता तो. मात्र अवजारांच्या पेटीत, लांबी आणि रंग खरवडताना सापडलेला हातभर जुना हिरवा पट्टा तसाच राखला. पेटीचे झाकण उघडून तो पाहता येतो.

नोंदणीची वाट २०२१ मध्ये सुकर झाली. त्या वर्षी केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या, अव्यावसायिक दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीस २०,००० रुपये व पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क ठरले, नोंदणीची मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, देखभाल वा इंधन भरणे अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी ती सवलत नाही. अर्थात या साऱ्यासाठी जुनी कागदपत्रे लागतात. म्हणून फणसाखालची गाडी घेताना आधी मालकाच्या ट्रंकेतले पुस्तक पाहावे, मग गाडी पाहावी.

शस्त्राचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे येतो. युद्धातील अनेक जीपच्या मध्यभागी एक लोखंडी खांब उभा असे आणि त्यावर मशीनगन बसविलेली असे. माझ्या गाडीच्या फरशीत त्या खांबाच्या बोल्टांसारखी भोके होती. फरशी देशी असल्यामुळे तो पुरावा मानता येत नव्हता. तरी माझे मन तेथेच अडकले. खांब बनवून घेतला. मग खांबावर काय?

अन्य देशांत याची उत्तरे निरनिराळी आहेत. ब्रिटनमध्ये खासगी माणसाकडे रणगाडासुद्धा असू शकतो, परंतु त्यावरची तोफ वा बंदूक निकामी केलेली असावी लागते. १९८८ च्या कायद्याने निकामी करण्याच्या कामाची शस्त्रपरीक्षागृहाकडून तपासणी व प्रमाणपत्र यांची व्यवस्था तेथे झाली. नळी कापणे, ती आतून बुजविणे, बोल्टचा पुढचा भाग घासून टाकणे असे ते काम असते. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने मशीनगनची नोंदणी व कर लागू झाला, आणि १९ मे १९८६ पूर्वी नोंदलेल्या मशीनगनच खासगी हाती राहू शकतात. तरीही तेथील बहुसंख्य शौकीन लाकूड, पत्रा वा राळ यांची प्रतिकृतीच बसवितात.

आपल्याकडे प्रश्नच उरत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार, खटका दाबून धरला असता गोळ्या सुटत राहतील असे शस्त्र, तसेच तोफा, विमानविरोधी व रणगाडाविरोधी शस्त्रे ही 'प्रतिबंधित शस्त्रे' होत. केंद्र शासनाच्या खास अधिकारपत्राविना ती बाळगता येत नाहीत. जुनी आहे, गंजलेली आहे, ही सबब चालत नाही. पुराणवस्तूंना जी सूट आहे ती दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाहीत अशांनाच आहे. कायदा येथे कारागिराच्या भाषेत बोलतो : आज चालत नाही एवढे पुरेसे नाही, उद्या कोणा कुशल हाताने चालता कामा नये. खोट्या बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करणे हाही परवान्याविना गुन्हाच आहे. म्हणून कोणाच्या माळ्यावर, विहिरीत वा भंगारात जुने लष्करी शस्त्र अथवा गोळा सापडला, तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे. जुना दारूगोळा वयाने अधिक बेभरवशाचा होतो.

तेव्हा मी लाकडाची प्रतिकृती केली. सुताराने नळीवरची भोके मोठ्या निगुतीने पाडली. स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीसाठी गाडी सजवून अंगणात उभी केली. गल्लीतील मुले जमली. आमच्या शेजारी मराठा पलटणीतून निवृत्त झालेले, १९७१ चे युद्ध पाहिलेले एक सुभेदारसाहेब राहतात. ते आले, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, इंजिनाचा आवाज ऐकून मान डोलाविली, आणि मग खांबाजवळ थांबून मला म्हणाले, "सर, बंदूक खोटी असंना का, तिचं तोंड कुणाकडं हाय ते आधी बघावं लागतंय." मी वळून पाहिले. ते तोंड ओट्यावर ओळीने बसलेल्या मुलांकडे होते.

त्यांनी आणखी काही सांगितले नाही. मी मात्र त्या रात्री, ज्यांची नावे आपण बेळगावकर लहानपणापासून ऐकतो, त्या दोन वीरांचा वृत्तांत पुन्हा वाचला. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सारे ठार वा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, हातगोळ्याने ती मशीनगन बंद पाडली, आणि बंदूक भरण्यास वेळ नसल्याने उरलेल्यांना तिच्या दस्त्याने लोळविले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने ते पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी माऱ्यातून दोन जखमी सोबत्यांना पलीकडून आणले व परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी गप्प केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या वृत्तांतांत मशीनगन ही सजावट नाही. ती समोरची वस्तू आहे. तिच्या नळीपुढे माणसे आहेत, आणि ती आपली आहेत.

सकाळी मी लाकडी बंदूक उतरविली. खांब तसाच ठेवला.

याचा अर्थ शस्त्रे विस्मृतीत टाकावीत असा नव्हे. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण विभागात असल उत्तर येथे जीपवर बसविलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडीत कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांना वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ती जीप आणि तिची तोफ वेगळी काढून सांगताच येणार नाही. अशी शस्त्रे पाहावीत, अभ्यासावीत, परंतु त्यांच्या योग्य जागी. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे १९९४ पासून चिलखती दळाचे रणगाडा संग्रहालय आहे. तेथे रोल्स रॉइसच्या चिलखती गाडीपासून जपानी व ब्रिटिश रणगाड्यांपर्यंत आणि पॅटनपासून विजयंतपर्यंत अनेक वाहने आपापल्या शस्त्रांसह उभी आहेत. बेळगावहून एका दिवसाच्या प्रवासावर ते आहे. शाळेने सहल तेथे न्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. तेथे शस्त्राजवळ त्याची हकीकत लिहिलेली असते. अंगणातल्या खेळण्याजवळ ती नसते.

समारोप

जुने लष्करी वाहन कशासाठी राखावे, याची उत्तरे प्रत्येकाची निराळी असतील. कोणाला यंत्राचे प्रेम असते, कोणाला मिरवण्याची हौस, कोणाला वडिलांची आठवण. यांतले एकही कारण मी हीन मानीत नाही. मात्र मालकी म्हणजे केवळ ताबा नव्हे, हे या कामाने मला शिकविले. ही गाडी माझ्या आधी कोणा शिपायाची होती, मग शेतकऱ्याची, आणि माझ्यानंतर आणखी कोणाची होईल. मी मधला राखणदार. राखणदाराने दोन गोष्टी पाहाव्यात : जे आहे ते मोडू नये, आणि जे नाही ते आहे म्हणून सांगू नये.

ही जीप आणि ही वही मी आज शाळेच्या कर्मशाळेस अर्पण करीत आहे. मुख्याध्यापकांनी ती स्वीकारली, हा त्यांचा मोठेपणा. विद्यार्थ्यांनी ती खोलावी, जुळवावी, बिघडवावी आणि पुन्हा नीट करावी. माझी अट एकच आहे : वहीतील तीन शब्दांची नोंद खंडित होऊ देऊ नये. उद्या एखादा वायसर बदलला तरी त्यापुढे 'नवा' असे लिहावे. आणि मध्ये उभ्या असलेल्या रिकाम्या खांबाविषयी कोणी विचारले, तर त्यास वरील दोन वीरांची नावे सांगावीत.

गुरुजी आज असते तर त्यांनी प्रथम नखाने रंग खरवडून पाहिला असता. खाली लांबी सापडणार नाही, एवढे मी त्यांच्या स्मृतीस सांगू शकतो.